न झालेला बार

“मिस्तरी, तठून नका जावू!”

बैलगाडीतून उतरून मी अंगणात चार पावलं टाकली असतील. ओट्यावरचा म्हातारा एकदम उभा राहिला आणि दोन्ही हातांनी मला बाजूला व्हायला खुणावू लागला. साप असेल असं वाटून मी पायाखाली पाहिलं. साप नव्हता. बाकीचं अंगण शेणाने सारवलेलं, स्वच्छ होतं. मी उभा होतो तिथे मात्र दोन हात रुंदीचा गवताचा पट्टा होता. ओट्यापासून निघून तो खाली शेतापर्यंत सरळ गेला होता. ओढ्याकडून येणारी पायवाट त्या पट्ट्यापाशी येऊन वळत होती आणि पूर्ण घराला वळसा घालून मागच्या दारात पोचत होती.

मग मी वर पाहिलं. कुडाच्या भिंतीतल्या भोकातून बंदुकीची नळी वीतभर बाहेर आली होती. मी तिच्या बरोबर तोंडासमोर होतो.

बंदुकीच्या तोंडासमोरून हलायला मला कुणी सांगावं लागत नाही. आमचं घराणं तीन पिढ्या नंदुरबारात हेच काम करतंय. वडील कुलपं आणि बंदुका दोन्ही बघायचे, मी बंदुकाच बघितल्या. पोलिसांच्या, शिकारीच्या, रानडुकरं हाकायला शेतकऱ्यांना मिळायच्या त्या लायसन्सच्या ठासणीच्या. मी बाजूला झालो. म्हाताऱ्याने हुश्श केलं आणि मला घराला वळसा घालून मागच्या दाराने आत घेतलं. पुढच्या भिंतीला दार होतं म्हणे पूर्वी. ते लिंपून टाकलेलं दिसत होतं.

हे नवापूरच्या पलीकडचं डोंगरातलं गाव. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. म्हाताऱ्यांचं नाव जात्र्या गावित. वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना बाबा म्हणू लागलो.

मला तिथे धनमायबाईंनी पाठवलं होतं. नंदुरबारात त्यांचं कापसाचं जिनिंग होतं. नवरा वारल्यावर बाईंनी जिनिंगही सांभाळलं आणि नवऱ्याचा छंदही. छंद जुन्या लष्करी रायफलींचा. मागच्या शतकात पलटणींनी वापरून टाकून दिलेल्या. बंगल्याच्या एका खोलीत त्या ओळीने लावलेल्या होत्या. एनफिल्ड होती, स्नायडर होती, मार्टिनी-हेन्री होती. त्यांची तेलपाण्याची व्यवस्था माझ्याकडे. बाई स्वतः कधी शिकारीला गेल्या नाहीत. पण कुठल्या रायफलीचा कुठला स्क्रू नंतरचा आहे, हे त्या चष्मा न लावता सांगत.

एका सकाळी त्यांनी मला बोलावलं.

“मिस्त्री, ब्रन्सविक मिळते असं ऐकलं. नवापूरच्या डोंगरात. तुमी जाऊन बघा नी.”

“बाई, डोंगरात ब्रन्सविक कुठून येणार?”

“ते तुमी बघा. लाकडाचा ठेकेदार सांगतो, नळीमधे समोरासमोर दोन खाचा आहेत.”

मी हातातली कानस खाली ठेवली. रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, त्यांनी गोळी फिरत जाते आणि नेम सरळ लागतो. बहुतेक रायफलींना तीन, पाच, सात अशा खाचा. ब्रन्सविकला दोनच, आणि रुंद. तिची गोळीही वेगळी. गोल, पण कमरेला पट्टा असल्यासारखी कड उचललेली. ती कड त्या दोन खाचांत बसवायची आणि गजाने ठोकत ठोकत खाली न्यायची. इतकी घट्ट बसते की भरताना शिपाई मेटाकुटीला येत. म्हणून ती फार टिकली नाही, आणि म्हणूनच दुर्मीळ झाली.

बाईंकडे संग्रहाचं लायसन्स होतं. बंदूक आणण्याचा कागदही त्यांनी कचेरीतून करून घेतला. बाबांकडे मात्र कसलाच कागद नव्हता. बिनलायसन्सची बंदूक म्हणजे थेट तुरुंग. तरी त्यांनी आपणहून ठेकेदाराबरोबर निरोप धाडला होता, की बंदूक न्या, पण आधी तिच्यातला बार काढा. मी त्यावर फारसा विचार केला नाही. ठासणीच्या जुन्या बंदुका भरलेल्या निघतातच.

आत अंधार होता. डोळे सरावल्यावर बंदूक दिसली. घराच्या मधल्या खांबाला एक फांटा होता, त्यात बंदुकीचा मागचा लाकडी दस्ता, आणि पुढे भिंतीच्या भोकात नळी. कातड्याच्या वाद्यांनी बांधलेली. वाद्या वाळून लाकडासारख्या झाल्या होत्या. दस्त्याच्या मागे दोन हातांवर चूल. सगळं घर धुराने काळं, बंदूकही काळी. चाप आणि दस्ता जिथे भेटतात तिथे, लॉकच्या पत्र्यावर, मी अंगठ्याने काजळी पुसली. मुकुटाचा छाप उमटला.

ब्रन्सविकच होती. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता.

“किती दिवस अशी बांधलेली आहे, बाबा?”

“मन्हा आजानी बांधेल शे. मन्हा बाप तवा धाकला व्हता.”

म्हणजे ऐंशी वर्षं, कदाचित जास्तच. घराच्या भिंती दर दोन-चार वर्षांनी नव्या घालत, छप्पर बदलत. खांब आणि बंदूक मात्र कुणी हलवली नव्हती.

बाबांनी हकिगत सांगितली. त्यांचे आजोबा दामजी आणि दामजींचा धाकटा भाऊ रुपजी. भांडण खालच्या शेतावरून. बंदूक दामजींकडे कशी आली ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुठल्यातरी पलटणीतून पळालेल्या माणसाने दिली, एवढंच घरात सांगत. एका सकाळी रुपजी घरातून निघाला आणि शेतातून पलीकडच्या डोंगराकडे चालू लागला. दामजींनी दारात उभं राहून त्याच्या पाठीवर नेम धरला.

“आजानी चाप दाबा,” बाबा म्हणाले. “घोडा पडना. टोपी फुटनी. बार व्हयना नही.”

“मग?”

“रुपजी आजा चालत गया. मांगे वळीसन देखं बी नही. त्या डोंगरमा गया, तो गयाच.”

“आणि तुमचे आजोबा?”

“बंदूक धरीसन उभा ऱ्हायना. दिवस बुडापर्यंत. हात थरथराले लागनात, तवा खांबले बांधी टाकी.” बाबा जरा थांबले. “आजा म्हने, बार निंघेल शे. अजून पोचेल नही.”

याला आमच्या धंद्यात हँगफायर म्हणतात. चाप ओढला, घोड्याखालची ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी फुटली, पण आतली दारू लगेच पेटली नाही. कधी कधी ती थोड्या वेळाने पेटते. म्हणून नियम असा की बार झाला नाही तरी नळी हलवायची नाही, समोर कुणाला येऊ द्यायचं नाही, आणि थांबायचं. आम्ही मिनिटभर थांबतो. हे घर अजून थांबलेलं होतं.

मी कामाला लागलो. आधी घोडा उचलला. फुटलेली टोपी चिमट्याने काढली. टोपीखाली निपल असते, म्हणजे ठिणगी आत नेणारी बारीक नळी. तिच्या भोकात सुई घातली. सुई अडली. आत घट्ट गंज. तेव्हा बार का झाला नाही ते कळलं. ठिणगी आत पोचलीच नव्हती.

मग बाहेर येऊन, बाजूला उभा राहून, नळीत गज सोडला. जुन्या बंदुकीची ही पहिली तपासणी. नळी बाहेरून मोजायची आणि गज आत किती जातो ते मोजायचं. दोन्ही माप सारखं आलं तर नळी रिकामी. दोन-तीन इंच कमी आलं तर खाली गोळी आणि दारू बसलेली आहे. ही नळी तीस इंचांची. गज सत्तावीसवर अडेल असा माझा अंदाज होता.

तो साडेसहा इंचांवर अडला.

तोंडाशी कुंभारमाशीने घर केलं असेल असं वाटलं. तसं नेहमी होतं. खिशातल्या आरशाने ऊन आत पाडलं आणि डोकावलं. माती नव्हती. करडं शिसं होतं. कडेला दोन बाजूंनी उचललेला पट्टा दोन खाचांत नीट बसलेला. गोळी तोंडापासून साडेसहा इंचांवर होती.

“बाबा, ही गोळी भरताना अर्ध्यात अडकली होती का?”

बाबा आत गेले आणि छपरातून बांबूची एक कामटी काढून आणली. गुळगुळीत, हाताळून काळी झालेली. तिच्यावर कोयत्याच्या बारीक चिरा होत्या. खालून वर, एकापाठोपाठ एक. दोन चिरांमधलं अंतर जवाच्या दाण्याएवढं, कुठे थोडं जास्त.

“होळीना दिवसले घालतस,” बाबा म्हणाले. “आजा घाले, बाप घाले, आते मी.”

मी कामटी गजाला लावून पाहिली. पहिली चीर सत्तावीस इंचांच्या जरा खाली. शेवटची सातच्या आसपास. मी चिरा मोजल्या नाहीत. मोजाव्याशा वाटल्या नाहीत.

गोळी दर वर्षी थोडी पुढे येत होती.

आता म्हाताऱ्याने निरोप का धाडला ते उमगलं. गोळी एक ना एक दिवस तोंडातून बाहेर पडणार, असा त्यांचा हिशेब होता. आणि तिच्या वाटेत आता माणूस होतं.

मी त्या गवताच्या पट्ट्याच्या सरळ रेषेत पाहिलं. खाली पडीक शेत. कितीतरी वर्षं नांगर न लागलेलं, बोरीची झुडपं माजलेली. शेताच्या पलीकडच्या कडेला नवं झोपडं. दार नेमकं आमच्याकडे तोंड करून.

“ती रूथ,” बाबा म्हणाले. “रुपजी आजानी नात. तिले सांगा, मिस्तरी. मन्हं ऐकत नही.”

मी नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा दाबून बसवला. असं मी नेहमी करतो, आत कुणी काही घालू नये म्हणून. हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आणि शेताच्या कडेकडेने रूथबाईंकडे गेलो.

चाळिशीची बाई. रुपजी नाहीसा झाल्यावर त्याची बायको लेकराला घेऊन सोनगडच्या बाजूला माहेरी गेली होती. ते कुटुंब पुढे ख्रिस्ती झालं. रूथबाई मिशनच्या शाळेत शिकलेल्या, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. नवरा जंगलात लाकूडतोडीच्या मजुरीवर. आजोबांची जमीन कसायची म्हणून दोघं या वर्षी परत आली होती. त्यांनी मला भाकरी वाढली, आणि मी खात असताना त्या दारात उभ्या राहिल्या, नळीकडे तोंड करून.

“बाई, तासाभरासाठी बाजूला व्हा. मला काम करायचंय.”

“दादाला सांगा बंदूक वळवायला.”

“ते वळवणार नाहीत. बार झाल्याशिवाय नळी हलवायची नाही, असं त्यांच्या आजोबांनी सांगितलंय.”

“माझ्याही आजाने काहीतरी सांगितलंय.”

“काय?”

“तो मागे वळला नाही. टोपी फुटल्याचा आवाज ऐकला, तरी वळला नाही. आजी त्या शेतात होती, तिने पाहिलं.” त्या शांतपणे बोलत होत्या. “मी घर मुद्दाम इथे बांधलं, मिस्त्री. माणसाने समोर उभं राहावं, मग त्यांना काय करायचं ते करू दे. दादा रोज सकाळी येतो, हात जोडतो, रडतो. पण बंदूक सोडत नाही.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते,” रूथबाई म्हणाल्या. “रात्री आडवी पडले की पाय तिकडे करून झोपते. डोकं नाही करत.”

मी परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाबा ओट्यावरून हलले नव्हते. बोळा मी बसवला तसाच होता, त्याची घडीसुद्धा तीच. मी तो काढला आणि हत्यार लावण्यापूर्वी सवयीने पुन्हा गज घातला.

पाच इंच.

गज चुकीचा धरला असेल म्हणून पुसून पुन्हा घातला. पाच. आरशाने पाहिलं. शिशावर ओरखडा नाही, स्क्रूची खूण नाही. ही गोळी समोरून ओढायची तर तिच्यात स्क्रू रोवावा लागतो, आणि माझे स्क्रू माझ्या पिशवीत होते. मागून ढकलायची तर मागची वाट गंजाने बंद होती. शिवाय हातोडीने ठोकून बसवावी लागते अशी ती गोळी.

वर्षाला जवाच्या एका दाण्याएवढी चालणारी गोळी एका भाकरीच्या वेळात दीड इंच आली होती.

बाबांनी माझं तोंड पाहिलं असावं.

“काय व्हयनं, मिस्तरी?”

“काही नाही. बाबा, चूल विझवा.”

“विझेलच शे.”

“राखही बाहेर टाका. घरात कोण आहे? सगळ्यांना मागच्या बाजूला लांब पाठवा. तुम्हीही जा.”

“मी नही जानार. दस्ता कोन धरी?”

त्यात तथ्य होतं. स्क्रू ओढताना मागून कुणीतरी बंदूक घट्ट धरायला हवी होती. वाद्यांचा मला भरवसा नव्हता. मी त्यांना दस्त्यामागे नको, बाजूला उभं राहून धरायला सांगितलं. का ते तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांची पकड ढिली पडली असती.

ते आता इथे सांगतो. गोळी दारूला टेकून बसलेली असेल तर बंदूक उडते, गोळी पुढे जाते, प्रकार संपतो. पण गोळी दारूपासून लांब, नळीत मध्येच असेल, आणि तशात दारू पेटली, तर जोर मधल्या पोकळीत कोंडतो आणि नळी फुटते. फुटते ती मागच्या बाजूला, जिथे माणसाचा गाल असतो. मी अशी फुटलेली एक बंदूक आणि तिचा मालक, दोन्ही पाहिले आहेत. या घरात गोळीची चिंता समोरच्याला होती. धोका वाढत गेला होता तो मागच्यांचा, आणि मागचे तिथेच चूल पेटवत होते.

तिसऱ्यांदा गज घातला तेव्हा चार इंच भरले. आता उद्यावर टाकण्यात अर्थ नव्हता.

मी पिचकारीने नळीत तेल सोडलं. गजाच्या टोकाला स्क्रू बसवला. गोळीच्या मधोमध रोवायचा तर तो सरळ जायला हवा, आणि त्यासाठी तोंडासमोरच उभं राहावं लागतं. मी गवताच्या पट्ट्यात जाऊन उभा राहिलो. पाठीमागे सरळ रेषेत, शे-सव्वाशे पावलांवर, रूथबाई त्यांच्या दारात आल्या होत्या. मी हाताने बाजूला व्हा म्हणून खुणावलं. त्यांनी मान हलवली. नाही.

मी स्क्रू टेकवला आणि फिरवू लागलो. शिसं मऊ असतं, स्क्रू चावतो ते हाताला कळतं. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. अंगणात कोंबड्या टिपत होत्या. ओट्याखाली बाबांचं कुत्रं पडलं होतं. चौथ्या फेरीला स्क्रू पक्का बसला. मी पाय रोवले, दोन्ही हातांनी गज धरला आणि जोर लावायच्या तयारीत श्वास घेतला.

जोर लावावा लागला नाही. गज माझ्या हातात मागे सरकला. मी ओढला नव्हता. पाणी प्यायलेलं जनावर तोंड वर काढतं तशी ती गोळी स्वतःहून बाहेर आली, आणि मी दोन पावलं मागे गेलो.

आवाज काही झाला नाही. ठिणगी नाही, धूर नाही. हे मी शपथेवर सांगेन.

पण कोंबड्या एकदम फडफडत उडाल्या. कुत्रं ओट्याखालून निघून पोट जमिनीला लावून पळालं. आणि मग समोरच्या डोंगराने उत्तर दिलं. खोल, लांबलेलं, एकदाच. बंदूक उडाल्यावर खोऱ्यातून जसा प्रतिध्वनी परत येतो, अगदी तसा. मी आयुष्यभर बंदुका उडवून तपासल्या आहेत. तो आवाज मला ओळखता येतो.

मी वळून पाहिलं. रूथबाई दारात उभ्याच होत्या. एक हात छातीवर होता. मी धावत निघालो तेव्हा त्यांनी तो हात खाली घेतला आणि तळवा पाहिला. काही नव्हतं. मग त्या चालत निघाल्या, शेतातून, बोरी चुकवत, सरळ त्या रेषेवरून माझ्याकडे.

आत बाबा दस्ता धरून उभे होते. ओठ हलत होते.

“व्हयना,” ते म्हणत होते. “बार व्हयना.”

मी वाद्या कापल्या. बंदूक उतरवली. आता तोंड खाली करून ठोकली तेव्हा सागाच्या पानावर दारू पडली. मागेच, तळाशी होती ती. कोरडी, काळी, चमकणारी. धुराच्या घरात ती कधी ओलसरच झाली नव्हती. गोळी आणि दारू यांच्यामधली दोन फूट नळी रिकामी. गोळीला पुढे ढकलेल असं तिथे काही नव्हतं. आरसा धरून पाहिलं तर गोळीच्या पुढची चार इंच गंजलेली, आणि मागची सगळी नळी नव्यासारखी लखलखीत.

बाबांना पटावं म्हणून अंगणात लांब नेऊन चिमूटभर दारूला काडी लावली. भस्सकन जाळ उठला. मग मी त्यांना नळी फुटण्याचं सांगितलं. गोळी पुढे सरकत गेली तसा धोका मागे कसा आला, ते हाताने दाखवलं. चुलीकडे, झोपायच्या जागेकडे बोट केलं.

ते आत जाऊन रिकाम्या खांबाशी बसले.

“मंग आजानी तो बार,” आतून ते म्हणाले, “कोनवर करेल व्हता?”

मी उरलेली दारू सागाच्या पानात गुंडाळली.

रूथबाई लिंपलेल्या दारासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. वळसा घालून मागून आल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी स्क्रूवरची गोळी सोडवून त्यांच्या हातावर ठेवली. आता वाटतं, निदान एकदा बाबांना विचारायला हवं होतं. पण त्या वेळी ती दुसऱ्या कुणाची आहे असं मनातही आलं नाही. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली.

“दादा,” त्या भिंतीच्या भोकातून म्हणाल्या, “पाणी दे.”

बाबा उठले, लोटा भरला आणि त्याच भोकातून बाहेर दिला. दार नव्हतं ना.

दुसऱ्या दिवशी मी बंदूक घेऊन नंदुरबारला आलो. धनमायबाईंनी ती टेबलावर आडवी ठेवून भिंगाने इंच न् इंच पाहिली. मग चष्मा काढला.

“गोळी?”

“ती त्यांच्याकडे राहिली, बाई.”

“कोणाकडे?”

“जिच्यावर झाडली होती तिच्याकडे.”

“मिस्त्री, रायफल मिळते हो. खटपट केली तर मिळते. पट्ट्याची गोळी, तीपण भरलेल्या नळीतली, ती कुठे मिळते?” बाई खरोखर संतापल्या होत्या. “तुमी कारागीर आहात का पाद्री?”

महिनाभराने त्या स्वतः नवापूरला गेल्या. मीच गाडी करून दिली. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, “नाही देत ती. चहा चांगला करते.” नंतर तो विषय त्यांनी काढला नाही. आणलेली प्रत्येक जुनी रायफल हलका बार भरून एकदा उडवून पाहायची, असा बाईंचा नेम होता. ही मात्र त्यांनी उडवली नाही, आणि का, ते मी विचारलं नाही.

बाबांनी पुढचं दार पुन्हा काढलं. पडीक शेत रूथबाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने त्याच वर्षीच्या पावसाळ्यात नांगरलं. पुढच्या वर्षी एका दुरुस्तीच्या कामाला मी त्या बाजूला गेलो होतो. अंगणातला गवताचा पट्टा सारवून निघाला होता. पण ओढ्याकडची पायवाट तशीच वळसा घेऊन जात होती. लोकांचे पाय तिकडूनच वळत होते. मीही तसाच गेलो.

गोळीचा उलगडा मी पुष्कळांना विचारला. एकदा बाईंकडे दारूगोळ्याच्या कारखान्यातला एक साहेब आला होता. तो म्हणाला, पावसाळ्यात दारू दमट होऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्या दाबाने गोळी वर्षाला थोडी सरकू शकते. मी म्हटलं, दारू कोरडी होती, आणि मध्ये दोन फूट नळी रिकामी. तो म्हणाला, कोंडलेली हवा तापली असेल. मी म्हटलं, मग एका सकाळी अडीच इंच? त्याने माझ्याकडे जरा पाहिलं आणि बाईंना मार्टिनी-हेन्रीबद्दल काहीतरी विचारलं. प्रतिध्वनीचं मी त्याला सांगितलं नाही. डोंगरात कुठेतरी दरड सुटली असेल. पावसाळा संपून तेव्हा चार महिने झाले होते, पण सुटली असेल.

माझ्या हाताखाली शिकलेल्यांना मी यातलं कामापुरतं तेवढं सांगत आलो. जुनी नळी आली की गज घालून मोजायची. मग हत्यारं मांडायची, जेवायचं असेल तर जेवायचं, आणि काम सुरू करायच्या आधी पुन्हा मोजायची. दोन मापं सारखीच येतात. आजवर एकदाच आली नाहीत. पण मोजायला वेळ फारसा लागत नाही.